वजन कमी करताना फळं बंद करायची का?

रानजाई

नमस्कार मंडळी,

वजन उतरवायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड फळांवर पडते, हे इतक्या घरांत पाहिलंय की शेवटी धागा काढावासा वाटला. माझ्या वहिनीला जिममधून आहाराचा कागद मिळालाय. केळं, आंबा, चिकू, सीताफळ, द्राक्षं, सगळ्यांवर काट. सफरचंद अर्धं चालेल. आणि त्याच कागदावर संध्याकाळच्या रकान्यात 'डाएट चिवडा, एक वाटी' छापलेलं आहे. मे महिना, घरात देवगडची पेटी उघडलेली, आणि ती आंब्याकडे पाठ करून चिवडा खाते. मला हे पाहवत नाही.

माझं म्हणणं असं. अख्खं, चावून खाल्लेलं फळ वजन कमी करण्याच्या आड येत नाही. आड येतं ते फळाच्या नावाखाली पोटात जाणारं बाकीचं, म्हणजे साखर, साय, गाळलेला रस, मिल्कशेक. दुसरं म्हणजे फळ किती खायचं याच्याआधी ते कशाच्या जागी खायचं हे ठरवावं लागतं. चारच्या चहाबरोबरच्या फरसाणाच्या जागी पेरू आला तर फायदा होतो. फरसाण खाऊन वर पेरूही खाल्ला तर वजन उतरायचं काही कारण नाही.

थोडे आकडे देते. साल-बिया काढून १०० ग्रॅम गरात कॅलरी साधारण अशा: कलिंगड ३०, पपई ४३, संत्रं ४७, सफरचंद ५२, आंबा ६०, पेरू ६८, द्राक्षं ६९, चिकू ८३, केळं ८९, सीताफळ ९४. जात आणि पिकण्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. आता तेवढ्याच वजनाचं फरसाण घ्या, साडेपाचशेच्या घरात जातं. बिस्किटं साडेचारशेच्या पुढेच. म्हणजे आपण ज्याला 'जड फळ' म्हणून घाबरतो ते सीताफळसुद्धा बिस्किटाच्या पाव भागाइतकं भरतं.

तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा. इथे कुणी आहारतज्ज्ञ असतील तर त्यांनी जरूर बोलावं.

लोकलवाला

चांगला विषय. पण एक शंका आहे. फळातही शेवटी साखरच ना? फ्रुक्टोज थेट यकृतात जातं आणि त्याची चरबी होते, असं किती तरी व्हिडिओंत सांगतात. मग साखर सोडायची आणि फळं खायची याला अर्थ काय?

करवंद

अगदी हाच प्रश्न माझ्या नवऱ्याचा. वाचतेय.

पथ्यपाणी

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे हा प्रश्न रोज ऐकते. जरा सविस्तर लिहिते.

फ्रुक्टोजवर प्रक्रिया मुख्यतः यकृतात होते हे खरं आहे. ते भरपूर आणि भराभर आलं तर त्यातल्या काही भागाची चरबी होते, हेही खरं. पण तेवढं फ्रुक्टोज फळ चावून खाऊन पोटात घालणं अवघड असतं. कोल्ड्रिंकची बाटली दोन मिनिटांत संपते. तेवढीच साखर पेरूतून घ्यायची तर मोठमोठे पेरू चावत बसावं लागेल आणि त्याआधीच पोट भरेल. फळातली साखर पेशींच्या भिंतींत अडकलेली असते, सोबत तंतू असतात, पाणी असतं. ती हळूहळू सुटते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या तेव्हा अख्ख्या फळातली साखर मर्यादेतून बाहेर ठेवली. मर्यादा घातली ती वरून घातलेल्या साखरेवर, मधावर, आणि फळांच्या रसावरही. रस त्या यादीत साखरेच्या रांगेत आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

रस आणि फळ यांच्यातला फरक दाखवणारा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. १९७७ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी त्याच माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, लगदा करून आणि रस काढून. तिन्हींत साखर सारखीच. रस पिऊन संपायला अख्ख्या सफरचंदाच्या अकराव्या हिश्श्याइतकाच वेळ लागला. पोट भरल्याची भावना सगळ्यांत जास्त अख्ख्या फळाने आली, त्याखालोखाल लगद्याने, आणि सगळ्यांत कमी रसाने. रस प्यायल्यावर रक्तातली साखर आधी चढली आणि मग खालीही जास्त घसरली. अशी घसरण झाली की पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं. ज्यूस पिऊन तासाभरात भूक लागते अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांना मी हेच सांगते.

तेव्हा लोकलवाला, साखर सोडणं आणि फळ खाणं यात विसंगती काहीच नाही.

लोकलवाला

धन्यवाद ताई, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. पण मग आमचं स्टेशनबाहेरचं ज्यूस सेंटर? ऑफिसातून उतरलो की मोसंबीचा मोठा ग्लास ठरलेला. वडापावपेक्षा बरा म्हणून तो सुरू केला होता.

पथ्यपाणी

वडापावशी तुलना केली तर कॅलरी कमीच आहेत. पण मोठ्या ग्लासात तीन-चार मोसंब्या जातात आणि चोथा तिथेच डब्यात पडतो. बहुतेक ठिकाणी वरून साखरेचं पाणी घालतात. ते नको म्हणून आधीच सांगायला लागतं, कारण एकदा ग्लास भरला की झालंच. त्यापेक्षा त्याच गाडीवरून दोन मोसंब्या घ्या आणि घरी सोलून खा. सोलायला वेळ लागतो, पांढरा पापुद्रा पोटात जातो, आणि एवढ्यात भूक बऱ्यापैकी शमते. स्टेशनवर तहानच लागली असेल तर साधं पाणी किंवा शहाळं. शहाळ्याचं पाणी १०० मिलीला २० कॅलरीच्या आतबाहेर असतं. मलई मात्र वेगळी मोजा.

चिकूवाडी

आमची डहाणूजवळ चिकूची वाडी आहे, म्हणून चिकूच्या बाजूने बोलायलाच हवं. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि लोक मात्र 'चिकू गोड, चिकू नको' म्हणून हात आखडता घेतात.

एक मध्यम चिकू सत्तर-ऐंशी ग्रॅमचा. म्हणजे साठ-पासष्ट कॅलरी. तंतू १०० ग्रॅमला ५ ग्रॅमच्या वर, जवळपास पेरूइतके. पोट साफ राहायला आमच्याकडची म्हातारी माणसं रात्री चिकू खातात.

निवडायचा कसा ते सांगतो, कारण कच्चा चिकू खाऊन तोंड चिकट झालं की लोक पुन्हा फिरकत नाहीत. देठाजवळ नखाने साल हलकीच खरवडा. खाली हिरवं दिसलं तर फळ तयार नाही, पिवळसर-तपकिरी दिसलं तर तयार. झाडावर चिकू खाण्याजोगा मऊ होत नाही, उतरवल्यावर पिकतो. घरी आणल्यावर फ्रीजमध्ये कोंबू नका, दोन-चार दिवस बाहेर राहू द्या. अंगठ्याने दाबल्यावर जरा दबला की खा. फारच मऊ होईपर्यंत थांबू नका, गोडी वाढत जाते.

वाळवलेला चिकू आणि चिकू चिप्स हे प्रकरण वेगळं. पाणी उडून गेलेलं असतं, त्यामुळे मूठभर चिप्स म्हणजे किती तरी चिकू. आम्ही स्वतः विकतो, तरी वजन कमी करणाऱ्या गिऱ्हाइकाला ताजाच घ्या म्हणून सांगतो.

रानजाई

चिकूवाडी, तुमचं सांगणं लाखमोलाचं. वाळवलेल्याबद्दल बोललात म्हणून जोड देते. द्राक्षं १०० ग्रॅमला ६९ कॅलरी आणि मनुका जवळपास ३००. ताजं अंजीर ७४, सुकं अंजीर २५० च्या आसपास. सुकं फळ वाईट नाही, पण ते वाटीने खायचं नाही. चार मनुका, एखादं अंजीर, बस. आरोग्यदायी लाडू म्हणून खजूर-अंजीर-सुकामेव्याचे जे लाडू मिळतात त्यांत वरून साखर नसते हे खरं, पण एक लाडू म्हणजे अर्धं जेवण.

सुगरण_सातारची

फळाचं पथ्य बिघडतं ते आपल्या स्वयंपाकघरात, असं मला वाटतं. आमरस घ्या. एक मध्यम हापूस अडीचशे ग्रॅमचा, साल-कोय गेली की दीडशे-एकशेसाठ ग्रॅम गर. म्हणजे शंभरेक कॅलरी. एक आंबा अख्खा खाल्ला तर विषय संपला. पण रसाला आपण बसतो तेव्हा पाच-सहा आंब्यांचं पातेलं, त्यात साखर, वर तूप, आणि सोबत तळलेल्या पुऱ्या. रस वाटीत असला की किती वाढून घेतला ते कळत नाही. पुरी फुगली की ती मोजायचं भान राहत नाही. सणाला खावंच, मी नाही म्हणत नाही. पण मग वजन वाढलं म्हणून दोष आंब्याला देऊ नये.

आमच्याकडे आता आंबा तासभर पाण्यात ठेवून कापतो आणि फोडी करून देतो. कोय चोखायला मिळते म्हणून मुलंही खूश. रसच हवा तर हाताने पिळून, गर जाडसर ठेवून, साखर न घालता चिमूटभर सुंठ. हापूस मुळात इतका गोड की साखर लागतच नाही. सोबत पुरीऐवजी पोळी, आणि ज्या दिवशी रस त्या दिवशी भात नाही.

तेच शिकरणाचं. केळं, दूध, साखर. त्यातली साखर काढा, केळं आणि दूध पुरेसं गोड आहे. आणि फ्रूट सॅलड म्हणून कस्टर्डच्या भुकटीत साखर घालून जे करतो ते तर गोड पदार्थातच धरायला हवं.

मनस्वी

+१. पुण्यात उन्हाळ्यात आंबा मस्तानी खाऊन 'आज फळ खाल्लं' म्हणणारे आमच्या ऑफिसात आहेत.

दोनवेळ

मी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीने दिवसातून दोनदाच जेवतो आणि मला त्याचा फायदा झालाय, म्हणून वेगळा मुद्दा मांडतो. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात मला एक धोका दिसतो. 'फळ चालतं' म्हटलं की माणूस दिवसभर काही ना काही तोंडात टाकत राहतो. अकराला केळं, चारला सफरचंद, रात्री पुन्हा पपई. आमच्या पद्धतीत फळ वर्ज्य नाही, पण खायचं ते त्या दोन जेवणांतच, मधल्या वेळी नाही. मला तरी हे सोपं पडतं. मधल्या वेळचा विचारच डोक्यातून गेला.

रानजाई

दोनवेळ, तुमचा मुद्दा पटतो, आणि 'कशाच्या जागी' या माझ्या म्हणण्याच्या तो आड येत नाही. जेवणातच फळ घेणार असाल तर ते एका पोळीच्या किंवा भाताच्या जागी आलं पाहिजे. पण सगळ्यांना दोनदाच जेवणं जमत नाही. माझी वहिनी शाळेत शिकवते, सकाळी सातला बाहेर पडते, दुपारी अडीचला घरी येते. मधल्या सुट्टीत डब्यात काहीतरी लागतंच. तिथे पेरू आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, हे मला चिवड्यापेक्षा केव्हाही बरं वाटतं.

पथ्यपाणी

दोघांनाही अनुमोदन. किती वेळा खायचं याबद्दल मी कुणावर एकच पद्धत लादत नाही. ज्याला दिवसभराचं एकूण खाणं आवाक्यात ठेवायला जे सोपं जाईल ते त्याने करावं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर वर्षानुवर्षं स्थानिक, हंगामी फळं खा, आंब्याला आणि केळ्याला घाबरू नका असं सांगत आल्या आहेत. डॉ. दीक्षित जेवणांची संख्या कमी करायला सांगतात. लोक यांना एकमेकांविरुद्ध उभं करतात. पण पाकिटातला खाऊ आणि साखरेचा चहा दोन्हींकडे कमीच होतो, आणि माझ्या पाहण्यात फरक पडतो तो तिथे.

रानजाई, मूठभर शेंगदाणे म्हणजे ३० ग्रॅमला १७० कॅलरी होतात. वहिनींना मूठ लहान ठेवायला सांगा. किंवा पेरूसोबत वाटीभर मोड आलेली मटकी.

अभ्यासिका

थोडा थंड पाण्याचा हबका मारते, चालेल ना? फळ खाल्ल्याने वजन धडाधड उतरतं असं समजू नका.

हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये १,३३,४६८ अमेरिकन स्त्री-पुरुषांच्या २४ वर्षांच्या नोंदी तपासल्या. ज्यांनी रोजच्या खाण्यात एक वाटा फळ वाढवलं त्यांच्या वजनात चार वर्षांच्या काळात सरासरी फक्त पाव किलोचा अनुकूल फरक दिसला. सफरचंद आणि पेअर वाढवणाऱ्यांत अर्ध्या किलोच्या जरा वर, बेरी वर्गातल्या फळांना अर्धा किलो. उलट बटाटा, मका यांसारख्या पिठूळ भाज्या वाढवणाऱ्यांचं वजन वाढलेलं दिसलं. हा निरीक्षणावरचा अभ्यास आहे, त्यामुळे कारण आणि परिणाम घट्ट बांधता येत नाहीत. पण एवढं कळतं की फळ वाढवण्याचा संबंध वजन वाढण्याशी दिसला नाही, आणि फळ हा जादूचा उपायही नव्हता.

याच्या जोडीला पेनसिल्व्हेनियातला २००९ चा छोटा प्रयोग. दुपारच्या जेवणाआधी सफरचंद खाल्लं तर त्या जेवणात एकूण कॅलरी साधारण १५ टक्के कमी गेल्या. तेवढ्याच कॅलरीचा रस प्यायल्यावर असा फायदा झाला नाही. त्यामुळे ज्यांना ताटावर बसल्यावर हात आवरत नाही त्यांनी जेवणाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी फळ खाऊन पाहावं.

लोकलवाला

पण जेवणाजवळ फळ खाल्लं तर ते पोटात सडतं ना? आणि सूर्यास्तानंतर फळ खाऊ नये, असं आई म्हणते.

पथ्यपाणी

पोटात फळ सडत नाही. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की तिथे अन्न कुजत पडत नाही. ते घुसळलं जातं आणि पुढे सरकतं. पोळी-भाजीबरोबर फळ गेलं तर त्याचाही तसाच प्रवास होतो. काहींना जेवणानंतर लगेच फळ खाल्लं की गॅस होतो किंवा जळजळते. त्यांनी वेळ बदलावी. संध्याकाळनंतर फळ चालत नाही याला आहारशास्त्रात आधार नाही. रात्री आईस्क्रीम खाण्यापेक्षा पपईच्या फोडी कितीतरी बऱ्या. आईंना मात्र तोंडावर खोटं पाडू नका. त्या रात्री उशिरा खाऊ नये म्हणत असतील तर ते चांगलंच आहे.

आंबट फळं दुधाबरोबर नकोत, हे चरकसंहितेतल्या विरुद्ध आहारात आहे आणि ते पाळायला काहीच हरकत नाही. वजनाशी त्याचा संबंध नाही, एवढंच.

एकादशीचा_उपास

उपासाचं कुणीच बोललं नाही! आमच्याकडे चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, सगळं असतं. 'दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा खिचडी, वर बटाट्याचा कीस, वेफर्स, रताळ्याच्या गोड चकत्या. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं नावापुरती. त्यात दाण्याचं कूट आणि तूप.

मी आता उपासाला सकाळी पपई किंवा पेरू, दुपारी राजगिऱ्याची भाकरी, दही आणि काकडीची कोशिंबीर, संध्याकाळी एक केळं आणि दूध असं करते. संध्याकाळी डोकं दुखायचं ते थांबलं. सासूबाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं, आता त्याही तसंच करतात.

पथ्यपाणी

फार छान केलंत. यात दही आणि दूध ठेवलंत हे विशेष, कारण नुसत्या फळांवर दिवस काढणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते. सात दिवसांचं ते प्रसिद्ध डाएट आहे ना, पहिला दिवस फक्त फळं आणि चौथा दिवस केळी-दूध, ते करून येणाऱ्या मुली काट्यावर उतरलेलं वजन दाखवतात. त्यात मोठा भाग पाण्याचा असतो आणि आठव्या दिवसापासून ते परत येतं. फळांत प्रथिनं जवळपास नसतात. शरीराला किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास रोज प्रथिनं लागतातच. ती मिळाली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. त्याने थकवा येतो, शिवाय पुढे वजन टिकवणं अवघड जातं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नव्या आहारविषयक सूचना दिल्या. दिवसाला २००० कॅलरीच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम धरली आहेत. म्हणजे भाजी फळाच्या चौपट. वजन कमी करायचं असेल तर माझ्या अनुभवात दिवसाला एक ते दोन फळं बहुतेकांना पुरतात. भाजी वाढवा, डाळ-उसळ वाढवा आणि फळ गोडाच्या जागी ठेवा.

मिसिसागाकर

कॅनडातून लिहितोय. इथे सहा महिने ताजी फळं म्हणजे बेचव आणि महाग. आम्ही गोठवलेल्या बेरी आणतो. पाकिटावर घटकांत फक्त फळाचंच नाव आहे ना, तेवढं पाहतो. ताज्यापेक्षा कमी नसतात. दह्यात घालून सकाळी खातो.

देशी दुकानात मिळणारा डब्यातला हापूसचा रस मात्र जपून घ्या. आपल्याला वाटतं गावचा आंबा आला, पण बहुतेक डब्यांत साखर घातलेली असते. लेबल वाचल्यावर कळतं. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात तो रस पातेलंभर असतो, आणि प्रत्येक जण 'आज फळच आहे' म्हणून दुसरी वाटी घेतो.

करवंद

मला खर्चाबद्दल बोलायचंय, कारण डाएट म्हटलं की किवी, ब्लूबेरी, ड्रॅगनफ्रूट, अव्होकाडो यांची नावं येतात आणि साध्या घरातली बाई तिथेच हात टेकते. आपल्याकडचा पेरू घ्या. १०० ग्रॅमला क जीवनसत्त्व दोनशे मिलिग्रॅमच्या वर, सफरचंदात पाचसुद्धा नाही. तंतू सफरचंदाच्या दुपटीहून जास्त. किंमत मात्र निम्मी. पपई, केळं, पेरू, बोरं, हंगामात संत्री आणि कलिंगड, एवढ्यावर सगळं वर्ष निघतं.

आणि मे महिन्यात रानमेवा! मी मावळातली. घाटात बायका पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं, तोरणं, आळू घेऊन बसतात. एक द्रोण करवंदं खायला अर्धा तास लागतो. चीक लागतो, बिया थुंकाव्या लागतात. असलं फळ भराभर खाताच येत नाही, तेच त्याचं भलं आहे. मुंबई-पुण्याच्या लोकांनी गाडी थांबवून भाव न पाडता घ्यावीत, एवढी विनंती.

चिकूवाडी

करवंद, भावाबद्दल लिहिलंत, फार बरं वाटलं.

मनस्वी

एक बारीकशी गोष्ट. केळं कितपत पिकलेलं खावं? जळगावची मोठी केळी आणतो आम्ही, अर्धी डझन संपेस्तोवर काळी पडतात.

पथ्यपाणी

केळं पिकत जातं तसा त्यातल्या स्टार्चचा साखरेत बदल होतो. म्हणून हिरवट-पिवळं केळं जरा सावकाश पचतं, काळे ठिपके पडलेलं लवकर. कॅलरी फारशा बदलत नाहीत. मोठ्या केळ्याऐवजी वेलची केळं घेतलं तर एका वेळी आपोआप कमी खाल्लं जातं. काळी पडलेली टाकू नका, सोलून गोठवा. नंतर नुसती मिक्सरमधून काढली की साखर न घालता आईस्क्रीमसारखं लागतं, मुलांना फार आवडतं.

मधुमालती

सगळा धागा वाचला, खूप उपयोग झाला. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी वजनही कमी करायला सांगितलंय. कुणीतरी सांगितलं म्हणून त्या फक्त जांभळं खातात, बाकी सगळी फळं बंद. जांभळाच्या बियांची पावडरही घेतात आणि आता गोळी बंद करू का विचारताहेत. वय सत्तरच्या पुढे. काय सांगू?

पथ्यपाणी

मधुमालती, गोळी अजिबात बंद करू नका. जांभूळ चांगलं फळ आहे, १०० ग्रॅमला साठेक कॅलरी, पण त्याची किंवा बियांच्या पावडरीची गोळीशी अदलाबदल होत नाही. पावडर चालूच ठेवायची असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण गोळी आणि पावडर मिळून साखर फार खाली गेली तर या वयात चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

बाकी फळं पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते. एका वेळी १०० ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान पेरू किंवा अर्धं सफरचंद किंवा पपईच्या चार-पाच फोडी. नुसतं रिकाम्या पोटी नको, जेवणाचा भाग म्हणून किंवा थोड्या दाण्यांबरोबर. रस, शेक, सुकी फळं नकोत. कलिंगडाचा ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती भराभर चढते त्याचं माप) जास्त असतो म्हणून लोक घाबरतात, पण त्यात पाणीच इतकं असतं की दोन पातळ फोडींत साखर थोडीच जाते. आंब्याच्याही दोन फोडी, त्या जेवणातली अर्धी पोळी कमी करून, बहुतेकांना चालतात. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर नवं फळ दिलं त्या दिवशी खाल्ल्यावर दोन तासांनी मोजा आणि वहीत लिहून ठेवा. प्रत्येकाचं शरीर वेगळं वागतं, त्या नोंदी डॉक्टरांना फार उपयोगी पडतात.

आणि एक विचारायचं राहिलं. मूत्रपिंडाची तपासणी कधी झाली होती? बरीच वर्षं मधुमेह असेल तर ती आधी करून घ्या. मूत्रपिंड नाजूक झालं असेल तर पोटॅशियममुळे केळं, शहाळं, संत्र्यांवर मर्यादा येते आणि कमरख (स्टार फ्रूट) तर पूर्ण वर्ज्य असतं, अशा रुग्णांत ते जिवावर बेतू शकतं. तपासणीचा कागद हातात आला की इथे विचारा किंवा मला निरोप पाठवा. तोपर्यंत वाटीभर जांभळं चालू द्या, हंगाम तसाही थोडाच असतो.

मधुमालती

मनापासून धन्यवाद ताई. मूत्रपिंडाची तपासणी दोन वर्षांपूर्वी झाली होती. सोमवारी पुन्हा करून घेते. बियांच्या पावडरीचा डबाही बरोबर नेते, डॉक्टरांना दाखवायला.